ब्लेड रनर २ : द एज ऑफ ह्यूमन

के. डब्ल्यू. जेटर (जन्म १९५०) या अमेरिकन लेखकाची इंग्रजी विज्ञानकादंबरी. प्रथम प्रसिद्धी १९९५. कृत्रिम मानव आणि त्यांना हुडकून ठार करणारा रिक डेकर्ड यांच्या कथेचा हा उत्तरभाग. तो नेमका कोणत्या कृतीचा उत्तरभाग, हा प्रश्न मात्र उरतो. मूळ कथा फिलिप के. डिक यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) या कादंबरीतली. तिच्यावरून रिडली स्कॉट यांनी ‘ब्लेड रनर’ (१९८२) हा चित्रपट केला आणि तो करताना बरेच काही बदलले. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, २ मार्च १९८२ रोजी, डिक वारले. जेटर हे त्यांचे तरुण स्नेही. या दोन कृतींमधले न जुळणारे धागे त्यांनी एकत्र विणायला घेतले.

संज्ञा : मराठीत अशा पात्रांना सर्रास ‘यंत्रमानव’ म्हटले जाते, ते येथे चुकीचे आहे. ही माणसे धातूची नाहीत, रक्तामांसाची आहेत, म्हणून ‘कृत्रिम मानव’ हाच शब्द योग्य. चित्रपटातला ‘रेप्लिकंट’ हा शब्द डिक यांचा नव्हे. पटकथाकार डेव्हिड पीपल्स यांना तो जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीमुळे सुचला. ‘ब्लेड रनर’ हे नावही अ‍ॅलन नर्स यांच्या १९७४ मधील, वैद्यकीय साहित्याच्या चोरट्या व्यापारावरील कादंबरीतून आलेले आहे.

कथानक : डेकर्ड ओरेगनच्या जंगलात एका झोपडीत राहतो. त्याच्यासोबतच्या रेचेल या कृत्रिम स्त्रीचे आयुष्य संपत आलेले. ते पुरवून वापरावे म्हणून ती एका पेटीत निद्रिस्त ठेवलेली असते व अधूनमधूनच जागी केली जाते. १९८२ च्या चित्रपटाच्या शेवटी रेचेलला आयुष्यमर्यादा नाही, असे डेकर्ड सांगतो. जेटर यांनी त्या शेवटातली हिरवाई ठेवली आणि दिलासा काढून टाकला. कादंबरीतली सर्वांत हृद्य पाने याच पेटीभोवतीची आहेत. पुढे कृत्रिम मानव बनवणाऱ्या टायरेलची पुतणी सारा टायरेल डेकर्डला लॉस एंजेलिसला परत आणते व निसटलेला सहावा कृत्रिम मानव शोधायला लावते.

सहाव्याचा प्रश्न : चित्रपटात पोलीस अधिकारी ब्रायंट सांगतो की सहा जण पळाले आणि एक मेला. उरायला हवेत पाच. पडद्यावर दिसतात चारच. मेरी नावाचे पात्र पटकथेतून गळले, पण आकडा तसाच राहिला. २००७ च्या आवृत्तीत ब्रायंटचे वाक्य बदलून मृतांची संख्या दोन करण्यात आली. जेटर यांनी त्याच्या बारा वर्षे आधी या चुकीलाच कथेचे बीज केले. चित्रपटाच्या आरंभी गोळी लागलेला, डेकर्डसारखेच काम करणारा डेव्ह होल्डन येथे कृत्रिम हृदय व फुप्फुसांवर पुन्हा उभा राहतो आणि त्याला संशय येतो की सहावा म्हणजे डेकर्डच. त्याला चिथावणारा रॉय बॅटी हा चित्रपटात मेलेल्या बॅटी या कृत्रिम मानवाचा मानवी मूळ नमुना आहे. सारा ही तशीच रेचेलचा नमुना. चित्रपटात टायरेलच्या पुतणीचा उल्लेख फक्त तिच्या आठवणी रेचेलला दिल्या, एवढ्यापुरता येतो. त्या एका उल्लेखातून जेटर यांनी हे पात्र उभे केले. येथे अस्सल माणूसच आपल्या प्रतीचा हेवा करतो.

डेकर्ड स्वतः कृत्रिम आहे काय, याविषयी दिग्दर्शक स्कॉट व अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्यातही एकमत नव्हते.

डिक यांच्या कादंबरीतला इझिडोर आणि त्याच्या जागी चित्रपटात आलेला सेबॅस्टियन हे दोघेही येथे भेटतात. दोन कृती एकाच जगात बसवण्याच्या हव्यासाने कथानक काही ठिकाणी फार गुंतते, हा दोष मान्य करावा लागतो.

मराठी संदर्भ : जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही मानवनिर्मित बुद्धी केंद्रस्थानी आहे. तेथे भय आहे ते यंत्राने आपल्यासारखी यंत्रे घडवण्याचे. जेटर यांचे भय उलट दिशेचे : माणसाला आपले माणूसपण सिद्ध करता न येण्याचे.

लेखक : ‘स्टीमपंक’ ही संज्ञा जेटर यांनी १९८७ मध्ये रूढ केली.

पुढील भाग : ‘रेप्लिकंट नाइट’ (१९९६), ‘आय अँड टॅलन’ (२०००). ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) या चित्रपटाने जेटर यांचे कथासूत्र घेतले नाही. त्यात रेचेल बाळंतपणात मरण पावलेली आहे.