बादल्यांच्या रांगेकडून कवायतीकडे

आग पाण्याने विझते हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ते पाणी कुठे, किती जोराने आणि कोणाच्या हुकमाने मारायचे हे शिकावे लागते, ही गोष्ट समाजाला बरीच उशिरा उमगली. युरोपातील जुन्या शहरांत आगीची घंटा झाली की नागरिकांनी बादल्या घेऊन धावायचे, असा दंडक असे. विहिरीपासून जळत्या घरापर्यंत माणसांची रांग लागे. मदतीला माणसे पुष्कळ, आणि आरडाओरडा त्याहून अधिक! हातपंप आल्यावरही हा गोंधळ लगेच संपला नाही. दांडा हलवायला जो सापडेल तो उभा राही.

या पंपाची रचना वर्गात समजावून सांगण्याजोगी आहे. दोन नळकांड्यांत दोन दट्ट्ये असतात. एक वर जाताना दुसरा खाली येतो. तरी दिशा बदलताना दट्ट्या क्षणभर थांबतो आणि धार तुटते. म्हणून मध्ये हवेची एक बंद टाकी बसवतात. पाणी आत रेटले की तिच्यातली हवा दाबली जाते. दट्ट्या थांबला तरी ही हवा प्रसरण पावून पाणी बाहेर ढकलत राहते. शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपातही हेच तत्त्व आहे. मात्र ही टाकी क्षणाचा खंड भरून काढते, माणसांचा बेतालपणा नव्हे. दमलेल्यांच्या जागी ताज्या दमाची माणसे लय न मोडता यायला हवीत. म्हणजे यंत्राइतकीच तालीमही आली.

हायडेलबर्गच्या कार्ल मेट्झ या यंत्रकाराने हे ओळखले होते. १८४२ साली त्याने पंपांचा कारखाना काढला. पंपाबरोबर शिकलेले पथकही हवे, असा त्याचा आग्रह असे. १८४६ मध्ये त्याचा पंप कार्ल्सरूहजवळच्या दुर्लाख गावी आला आणि तिथले नगर-स्थापत्यकार ख्रिस्टियान हेंगस्ट यांनी स्वयंसेवकांचे पथक उभे केले. (पहिलेपणाचा मान माइसेन शहरही सांगते, तिथले पथक १८४१ चे.) अशा पथकांत व्यायामशाळांतील तरुणांचा भरणा असे. चढणे, तोल सांभाळणे, हुकूम होताच एकजुटीने हालचाल करणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. आमच्या मते या पथकांच्या यशात यंत्राइतकाच वाटा या व्यायामशाळांचा आहे.

२८ फेब्रुवारी १८४७ च्या संध्याकाळी कार्ल्सरूहच्या दरबारी नाट्यगृहाला आग लागली. कापड, लाकूड, रंगवलेले पडदे. आग पसरायला आणखी काय हवे? गरम धूर वर चढतो, त्यामुळे अशा आगीत वरच्या सज्जांतले प्रेक्षक सर्वांत आधी कोंडले जातात. साठांहून अधिक माणसे दगावली. नाट्यगृह वाचले नाही. पण दुर्लाखचे पथक आपला पंप घेऊन धावून आले आणि शिस्तीने काम करून त्याने शेजारच्या इमारती वाचवल्या. गोंधळलेली गर्दी आणि शिकलेले पथक यांतला फरक लोकांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतर जर्मन प्रदेशांत गावोगावी अशी पथके निघू लागली.

उल्म शहरात कॉनराड डीट्रिख माग्यीरुस या व्यापाऱ्याने व्यायामपटूंमधूनच पथक बांधले, आणि १८५० साली अग्निशमनाच्या सर्व अंगांवर पुस्तक लिहिले. पुढे शिड्यांसाठी त्याचे नाव गाजले. १८५३ मध्ये त्याच्याच पुढाकाराने प्लोखिंगेनला निरनिराळ्या पथकांचे प्रतिनिधी एकत्र जमले. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला कळण्याची सोय अशी झाली. हा काळ सोपा नव्हता. १८४९ मध्ये बाडेनमधील उठाव चिरडला गेल्यावर व्यायामसंघांकडे सरकार संशयाने पाहत होते, आणि पथकांतले तरुण बहुधा त्याच संघांतले.

आजही जर्मनीत अग्निशमनाचा मोठा भार सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर आहे. पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. स्वयंसेवकाला आधी मूलभूत प्रशिक्षण पुरे करावे लागते. मुलांसाठीही वेगळी पथके आहेत. त्यांतले पहिले १८८२ साली फोर बेटावर निघाले.