गावरान जेवण आणि हॉटेल (हिंगोली जिल्हा)

ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, येसराची आमटी हे हिंगोलीच्या पाचही तालुक्यांतले घरचे खाणे. घरी रोज होते त्याला पैसे कोण मोजणार, म्हणून हॉटेलचे जेवण म्हणजे पनीर, काजूकरी आणि तंदुरी रोटी असे ठरून गेले. हा पंजाबी थाट फाळणीनंतर दिल्लीत रुजला आणि तिथून देशभर पोचला. मराठवाड्यातले ढाबे आणि एसी फॅमिली रेस्टॉरंटे पिठलं-भाकरीला ‘अस्सल’, ‘चुलीवरचं’ म्हणू लागली ती फार पुढे, रेशनच्या गहू-तांदळाने ताटातली आणि सोयाबीनने खरिपातली ज्वारी मागे सारल्यावर. रोजची सवय सुटते तेव्हाच अस्सलपणाला भाव येतो.

हा अस्सलपणा उगमावरून ठरवू गेले तर फसगत होते. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज काळात आलेले. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पिकाला मिळालेला असा दाखला ताटाला लागू होत नाही. ताटाची परीक्षा कारागिरीवरच करावी लागते आणि तिथे भाकरी पुरेशी आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुने झाले की विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा सरतो, आणि थापताना कडा फाटतात. कोमट पाण्यात एकेका भाकरीपुरतेच पीठ मळायचे, तव्यावर टाकताच वरून पाणी फिरवायचे, ते सुकण्याआधी उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. कणकेसारखे सकाळीच मळून ठेवणे इथे चालत नाही. तंदुरी रोटीने भाकरीला हॉटेलातून दूर ठेवले त्यात चवीइतकाच या खटाटोपाचाही हात असावा.

कंदील, बैलगाडीचे चाक आणि पितळी ताट मांडणारे महागडे हॉटेल मुळातच खोटे, असा आक्षेप घेतला जातो. सजावट हास्यास्पद असते हे खरेच, पण विरी गेलेल्या पिठाची भाकरी बसस्थानकाजवळची साधी खानावळही वाढू शकते. स्वस्ताई हा काही खरेपणाचा पुरावा नव्हे. चुलीच्या धुराची चव वेगळी लागते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही घरोघरी गॅसवर भाजलेल्या भाकरीला कुणी नकली म्हणत नाही. चूल बांधणे सोपे. गिऱ्हाईक बसल्यावर पीठ मळायला घेणारी बाई दोन्ही वेळ तव्याशी ठेवायची तर तिची मजुरी दरात धरावी लागते, आणि महाग हॉटेलला ते निदान परवडते.