अर्ध्या मिनिटातला मी

परवा एका व्यावसायिक मेळाव्याचं निमंत्रण आलं. खाली तळटीप : प्रत्येकाने अर्ध्या मिनिटात आपली ओळख करून द्यावी. बत्तीस वर्षं हिशेबनिसी करून घरी बसलेल्या, पण घरी बसणं न परवडणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी जावंच लागतं. चार दुकानदारांनी वह्या दिल्या तर धाकटीची फी निघते. कागद पुढे ओढला. 'मी' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. आजवर माझी ओळख एकदाच कुणीतरी करून दिली होती. मामाने, लग्न जुळवताना. "मुलगा निर्व्यसनी आहे." पण निर्व्यसनी म्हणून कोण वह्या देतो?

अडचण आली की मी इतिहासात दडी मारतो. तिथे लिओनार्दो दा विंची भेटला. १४८२च्या सुमारास, तिशीत असताना, त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा शिल्लक आहे. मुद्देसूद एकेक कलम : उचलून नेता येणारे पूल, खंदकातलं पाणी काढायच्या युक्त्या, तोफा, आच्छादित गाड्या. वाचणाऱ्याला वाटावं, दारूगोळ्याचा ठेकेदार! चित्रकला? येते ना, पण अगदी शेवटी, शांततेच्या काळातल्या कामांमध्ये. गिऱ्हाईक लढाईवालं, म्हणून दुकानात पुढे तोफा. 'द लास्ट सपर' काढणारे हात मागच्या फळीवर!

मला हे जमणारं नव्हतं. माझ्या दुकानात फळीच एक.

मग आठवला आमच्याच बिरादरीतला माणूस. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, श्रीनिवास रामानुजन. १६ जानेवारी १९१३ रोजी त्याने केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिलं. सुरुवातीलाच सांगितलं काय, तर मी कारकून, पगार वर्षाला वीस पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही. आजच्या कुणा मार्गदर्शकाने हा मजकूर लाल शाईने खोडला असता. वयही तेविसाच्या आसपास लिहिलं, होतं पंचवीस. पण पुढे पानंच्या पानं गणिताची सूत्रं! आधी केंब्रिजच्याच दोघा विद्वानांकडे डाळ शिजली नव्हती. हार्डीलाही प्रथम कुणी चेष्टा करतंय असंच वाटलं. संध्याकाळी तो लिटलवुडला घेऊन ते कागद तपासत बसला, आणि कारकुनाचं नशीब फिरलं. १९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले (आता अहोजाहो करायला हवं) आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं.

"अहो, त्यांच्याकडे सूत्रं होती. तुमच्याकडे काय आहे?"

"बत्तीस वर्षांत ताळेबंदात एका पैशाचा फरक नाही."

"मग तेच लिहा की!"

लिहिलं. घड्याळ लावून वाचलं. अकरा सेकंद.

"वय सांगू का गं? साठीच्या माणसाला कोण काम देणार?"

"सांगा की, दोन वर्षं कमी करून. रामानुजनना चाललं ना?"

कागदावर अठ्ठावन्न लिहिलं. मग खोडलं. परत लिहिलं. मेळावा उद्या आहे, आणि फरक काही जुळत नाही.