संगणकीय घुसखोरीची वर्दी : ‘सर्ट-इन’ला काय, कधी आणि कोणी कळवायचे

पुण्यातील कार्यालयात सकाळी नऊ वाजता एका अभियंत्याच्या लक्षात येते, की सर्व्हरवरील फायली उघडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडलेली आहे. उन्हाळ्याचे दिवस असतील, तर न्यू जर्सीत त्या वेळी आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मुख्यालयातील जबाबदार अधिकारी साडेसहाला उठून ईमेल पाहतो, तेव्हा पुण्यात दुपारचे चार झालेले असतात आणि भारतीय नियमाने दिलेली सहा तासांची मुदत तासाभरापूर्वीच संपलेली असते. आपल्या वाचकांपैकी अनेकजण या साखळीच्या एका ना एका टोकाला काम करतात. म्हणून ही मुदत कुठून आली आणि ती पाळायची कशी, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

अशा केंद्रांची कल्पना अमेरिकेतली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. उपाय शोधणारे बरेच होते; परंतु कोणी कोणाला कळवायचे, हेच ठरलेले नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले समन्वय केंद्र उभे राहिले. भारताचे केंद्र, म्हणजेच ‘सर्ट-इन’, जानेवारी २००४ पासून काम करते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने समाविष्ट केलेले कलम ७०-ब हा त्याच्या अधिकारांचा आधार आहे.

२०१३ च्या नियमांत घटना ‘शक्य तितक्या लवकर’ कळवावी, अशी मोघम अपेक्षा होती. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी तिला सहा तासांची चौकट घातली. हे निर्देश जून २०२२ च्या अखेरीस लागू झाले. लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबरपर्यंत सवलत मिळाली. सोबतच्या परिशिष्टात घटनांचे वीस प्रकार दिले आहेत. त्यांत खंडणीखोर सॉफ्टवेअर, विदागळती, संकेतस्थळाचे विद्रूपीकरण आणि समाजमाध्यमांवरील खात्यांत अनधिकृत प्रवेश यांबरोबरच संशयास्पद ‘स्कॅनिंग’चाही समावेश आहे. यादी शब्दशः पाळली तर कोणत्याही मोठ्या कंपनीला दिवसभर दुसरे काम उरणार नाही. मे २०२२ मध्ये सरकारने प्रश्नोत्तरे प्रसिद्ध करून तीव्र स्वरूपाच्या, मोठ्या प्रमाणावरील वा वारंवार होणाऱ्या आणि मानवी सुरक्षिततेवर परिणाम करणाऱ्या घटनांवर भर दिला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला.

मुदत मोजायची ती घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून; घुसखोरी प्रत्यक्षात झाली तेव्हापासून नव्हे. महिनाभर लपून बसलेला घुसखोर आज सापडला, तर घड्याळ आज सुरू होते. सहा तासांत संपूर्ण अहवाल अपेक्षित नाही. तोवर हाती असलेली माहिती पाठवायची आणि तपशील नंतर वाजवी मुदतीत पुरवायचे. घटनेची वेळ, बाधित यंत्रणा व तिचा आयपी पत्ता, दिसलेली लक्षणे आणि संपर्काची व्यक्ती एवढ्यावर पहिली वर्दी देता येते. ती ईमेलने, फॅक्सने किंवा १८००-११-४९४९ या निःशुल्क क्रमांकावर देण्याची सोय आहे.

खरी गफलत होते ती ‘कोणी’ या प्रश्नावर. ग्राहक कंपनी अमेरिकेत, सर्व्हर तिसऱ्याच्या मालकीचा आणि देखभाल पुण्यातील सेवा कंपनीकडे, अशी रचना असली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सरकारी खुलासा मात्र स्पष्ट आहे : ज्याच्या लक्षात आले त्याने कळवायचे, आणि हे दायित्व करार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. भारतात कार्यालय नसलेली, परंतु भारतीय ग्राहकांना सेवा देणारी कंपनीही या कक्षेत येते. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

याच निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे ‘लॉग’, मागील १८० दिवसांच्या जपाव्या लागतात. त्यांची प्रत भारताबाहेर ठेवता येते. मात्र मागितल्यावर ती सादर करता आली पाहिजे. घाबरून बाधित यंत्र पुसून टाकणारे उत्साही कर्मचारी नेमका हाच पुरावा नष्ट करतात.

‘सर्ट-इन’ म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. अग्निशमन दलाला दिलेली वर्दी आणि पोलिसांचा पंचनामा यांत जो फरक, तोच येथे. व्यक्तीच्या खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल हा मार्ग. बँकांना रिझर्व्ह बँकेलाही २ ते ६ तासांत कळवावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यांतील बरीच रक्कम अनेक देशांतील एटीएममधून काढली गेली. अशा चोरीत एकेक तास म्हणजे काय, हे त्यावरून कळावे.

परदेशातील मुदती सैल आहेत. ब्रिटनमध्ये वैयक्तिक विदेचा भंग झाल्यास माहिती आयुक्तांना ७२ तासांत कळवावे लागते. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने, घटना गुंतवणूकदारांसाठी महत्त्वाची असल्याचे ठरवल्यापासून चार कामकाजी दिवसांत ती जाहीर करायची असते. भारतातही ७२ तास द्यावेत, अशी मागणी आंतरराष्ट्रीय उद्योगसंघटनांनी केली. ती मान्य झाली नाही. सहा तास कमी आहेत, हे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सर्ट-इन’ला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. कंपन्यांची बदनामीची भीती त्यामुळे काहीशी कमी होईलही. परंतु आपली विदा कुठून गळली, हे तिथे विचारण्याचा नागरिकाचा मार्गही त्यामुळे बंद झाला.

मुदत आहे तशीच राहणार असेल, तर वर्दी देण्याचा लेखी अधिकार पुण्यातील पाळीप्रमुखाकडेच असायला हवा. मुख्यालय जागे होईपर्यंत त्याला थांबावे लागू नये. आणि केंद्राचा क्रमांक व अर्जाचा नमुना कागदावर छापून भिंतीवर लावलेला असावा, कारण त्या सकाळी ईमेलही बंद असण्याची शक्यता बरीच असते.