रिठ्याचा फेस

भालकी-औरादकडील मराठी घरांत ज्याला रिठा म्हणतात, त्यालाच कलबुर्गीकडचे कानडी शेजारी अंटवाळ म्हणतात. नावे दोन, फेस मात्र एकच! सोनाराचे दागिने, रेशमी वस्त्रे आणि न्हाणीतले केस पिढ्यान्‌पिढ्या या फेसानेच निर्मळ होत आले. लिनियसच्या १७५३ मधील ग्रंथात या वृक्षाचे नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे हिंदी साबण, असे आहे.

या फेसाचे मर्म सॅपोनिन होय. त्याच्या रेणूचे एक अंग पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. म्हणून मळ सुटतो. सूक्ष्मजीवही अशी द्रव्ये निर्माण करतात : ऱ्हॅम्नोलिपिडची ओळख १९४९ साली पटली, सर्फॅक्टिनची १९६८ साली.

आता या द्रव्यांची गाठ बुरशीशी पडली आहे. कॅंडिडा नावाची बुरशी कवळीवर किंवा रुग्णाच्या शरीरातील नळीवर चिकटते आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणते. त्याआड औषध पोचणे दुष्कर. हा थर सोडविण्याचा प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहे. सॅपोनिन तर बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉललाच जाऊन भिडते. तथापि तेच सॅपोनिन रक्तातील तांबड्या पेशीही फोडते. त्यामुळे न्हाणीतला रिठा रुग्णाच्या नळीपर्यंत सहजासहजी पोचणार नाही. त्याचा तिखटपणा जाणून घ्यायचा, तर डोळ्यांत फेस गेलेल्या कोणत्याही पोराला विचारावे!