अर्बुदविषाणू आणि कर्करोगकारक जनुकाचे मूळ

एखादा शब्द भाषेत उसना आला की वारशाने, हे ठरविताना भाषाभ्यासक भगिनीभाषांतील रूपे शेजारी मांडून पाहतो. मराठी ‘हात’ व गुजराती ‘हाथ’ यांतील साम्य आणि भेद ही दोन्ही संस्कृत ‘हस्त’ या एकाच मुळाकडे नेतात. कर्करोगाच्या संशोधनातील एका वादाचा निर्णय याच रीतीने लागला, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा अर्क पेशी अडविणाऱ्या गाळणीतून काढून निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही अर्बुदे झाली. हा शोध १९११ साली प्रसिद्ध झाला; पण तो कोंबडीपुरताच मानला गेल्याने दीर्घकाळ उपेक्षित राहिला. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये.

पुढे १९७० साली स्टीव्हन मार्टिन यांना या विषाणूचा एक विलक्षण प्रकार मिळाला. वाढत्या तापमानात तो स्वतःची वृद्धी करी; पेशीला मात्र कर्करूप देऊ शकत नसे. म्हणजे विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी नको असलेले, पण कर्करोगास कारण होणारे असे जनुक त्याच्यापाशी होते. त्यास ‘सार्क’ हे नाव पडले. मग ते आले कोठून? ह्युबनर आणि टोडारो यांनी १९६९ मध्ये असे मत मांडले होते की, कर्करोगकारक जनुके ही प्राचीन विषाणूंनी पेशीत ठेवलेला ठेवा होय.

सान फ्रान्सिस्को येथील बिशप व वार्मस यांनी स्टेहेलिन आणि फोग्ट यांच्यासह १९७६ मध्ये याचे उत्तर दिले. (वार्मस हे पूर्वी इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.) ‘सार्क’शी जुळणारा डीएनए त्यांनी निरोगी पक्ष्यांत शोधला. कोंबडी, लावा, बदक, इतकेच नव्हे तर एमू पक्ष्यातही तो सापडला. आणि कोंबडीपासून नाते जितके दूर, तितके साम्य कमी. यावरून निष्कर्ष उघड होता. जनुक पक्ष्यांच्या पूर्वजांइतके जुने. ऋणको ठरला तो विषाणूच.

या उसनवारीत जनुकाचे रूपही पालटले. मूळ प्रथिनाला आवर घालणारे शेपूट विषाणूच्या प्रतीत उरलेले नाही. बिशप व वार्मस यांना १९८९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर मानवी पेशींतही अशी अनेक जनुके आढळली होती. उंदराच्या एका विषाणूमुळे परिचित झालेल्या ‘एबल’ जनुकाच्या विकृतीवर तर २००१ साली इमॅटिनिब हे औषध उपलब्ध झाले.

कर्करोगाचे बीज बाहेरून येते, ही समजूत घेऊन हा शोध आरंभला. तो शेवटी पेशीच्या स्वतःच्याच वारशापाशी येऊन पोहोचला.