बेहड्याची मोजणी

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवून अप्पर वर्धा धरण बांधले आहे. पावसाळ्यात त्याचे १३ दरवाजे उघडले की पाणी बघायला गर्दी लोटते. या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. दमयंती विदर्भाच्या भीमराजाची लेक, तेव्हा तिचे नाव शोभतेच. नल मात्र जुगारात राज्य घालवून बसलेला जावई! पुढे तो मोजणी शिकला आणि सगळे परत जिंकला, हे फार कमी जणांच्या ध्यानात असते.

ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते मोजणाऱ्यांचे कूळ शोधायचे तर ते इथे सापडते. १९६२ साली एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने ‘बीट द डीलर’ लिहून दाखवले की वाटून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवला तर उरलेल्या गठ्ठ्यात मोठी पाने किती, याचा अंदाज येतो आणि त्यानुसार पैज वाढवता येते. कॅसिनोवाले अशा गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवू लागले. मग थॉर्पने दाढी लावली. पुढचा पत्ते मोजणारा केन उस्टन तर वेषांतरासाठीच गाजला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला त्याला हाकलता येणार नाही, असा त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कॅसिनोंनी गड्ड्यांची संख्या वाढवली.

नलाच्या काळचे फासे चौकोनी नव्हते. ती बेहड्याची फळे होती, त्रिफळ्यातला तोच बेहडा, मेळघाटात आजही उभा असलेला. संशोधकांनी जुळवलेली रीत अशी: ढिगातून मूठभर दाणे घ्यायचे आणि चाराचे गट पाडायचे. बाकी शून्य तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर आणि एकच उरला तर कली. युगांची नावे या डावांवरूनच आली. ढिगावर नजर टाकताच ज्याला आकडा कळतो, त्याला या खेळात कोण हरवणार?

महाभारताच्या वनपर्वात ही विद्या अयोध्येच्या ऋतुपर्णाजवळ आहे. कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप झालेला नल बाहुक नावाने त्याचा सारथी बनला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप येतो आणि रथ कुंडिनपुराकडे सुटतो. (अमरावती जिल्ह्यातले, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर ते हेच, असे मानतात.) वाटेत ऋतुपर्ण एक बेहडा दाखवून त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे असल्याचे सांगतो. बाहुक काही केल्या पुढे हलत नाही. झाड तोडून तो एकेक फळ मोजतो आणि आकडा जुळतो! मग सौदा ठरतो: तू मला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकव, मी तुला अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची विद्या शिकवतो. विद्या येताच, जुगाराआधीच नलाच्या अंगात शिरून बसलेला कली, म्हणजे तो बाकी उरलेला एकटा दाणा, बाहेर पडून त्याच झाडात लपतो. पुढे नल, ज्याने त्याचे राज्य जिंकले होते त्या भावाला, पुष्कराला, एकाच डावात हरवतो.

ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, आणि शेवटी अक्षहृदयही देऊन टाकतात. त्याचा उपयोग अज्ञातवासात होतो. युधिष्ठिर कंक नावाने विराटाच्या दरबारात फासे खेळतो, जिंकतो आणि राजाला कळू न देता जिंकलेले धन भावांमध्ये वाटतो. पैसा एकत्र करून खेळणाऱ्या अमेरिकेतल्या टोळ्यांची तऱ्हा याहून फार वेगळी नव्हती. विराटनगरी म्हणजे चिखलदऱ्याजवळचे वैराट, असे वऱ्हाडात सांगतात. राजस्थानातले बैराटही हाच मान मागते. पण विराटाच्या मेहुण्याचा, कीचकाचा दरा तो चिखलदरा, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असते.

कंकाची मोजणी कुणाच्या लक्षात आली नाही. अडचणीत आणले ते जिभेने. राजपुत्र उत्तराने कौरवांना हरवल्याची बातमी येताच विराट खुशीत फासे मागवतो. कंक आधी नको म्हणतो, वर युधिष्ठिराने जुगारात राज्य कसे घालवले याचा दाखलाही देतो. डाव सुरू होतो. विराट मुलाचे कौतुक करतो आणि कंक म्हणतो, बृहन्नडा (म्हणजे वेष पालटलेला अर्जुन) सारथी असताना तो का नाही जिंकणार? राजा चिडून हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकतो. नाकातून आलेले रक्त सैरंध्री बनलेली द्रौपदी सोन्याच्या पात्रात झेलते. तिसऱ्या दिवशी पाचही भाऊ राजवेष घालून विराटाच्या सभेत आसनांवर जाऊन बसतात.